कधी सुरू होतो, कधी होत नाही : जुन्या डेस्कटॉपच्या अडून बसण्याचे निदान

जुना डेस्कटॉप कायमचा बंद पडला असेल, तर त्याचे निदान त्यामानाने सोपे असते, कारण दोष एका जागी स्थिर असतो आणि तो शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो. खरा त्रास देतो तो सकाळी बटण दाबल्यावर दाद न देणारा, तीन-चार प्रयत्नांनंतर सुरू होणारा, मग दिवसभर बिनतक्रार चालणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडून बसणारा संगणक. अशा वेळी बहुतेक जण रॅम काढून पुन्हा बसवतात, संगणक सुरू होतो आणि दोष रॅमचाच होता असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात रॅम काढण्यासाठी मुख्य वायर काढलेली असते, कॅबिनेट आडवे केलेले असते, आतल्या दोन-चार केबल हललेल्या असतात आणि मध्ये दहा मिनिटे गेलेली असतात; यांपैकी नेमक्या कशामुळे फरक पडला हे सांगता येत नाही, आणि आठवड्याभरात तोच दोष परत येतो. म्हणून एकेक भाग बदलून पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. सुरू होण्याच्या क्रमात संगणक नेमका कोणत्या टप्प्यावर थांबतो, हा पहिला प्रश्न. आणि कोणत्या परिस्थितीत थांबतो, हा दुसरा.

कॅबिनेट उघडण्यापूर्वीची काळजी थोडक्यात सांगतो. मुख्य वायर काढावी आणि त्यानंतर पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर (सर्व भाग जिला जोडलेले असतात त्या मुख्य पट्टीवर) उरलेला विद्युतभार निघून जातो. ज्या मदरबोर्डवर छोटा दिवा असतो, तो विझलेला दिसला की आत हात घालावा. अंगावरची स्थिर वीज जाण्यासाठी आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीवरच्या विजेपासून संगणकाला लागणारा कमी दाब तयार करणाऱ्या भागाचा, डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातील मोठ्या कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या घटकावर) ३०० व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो.

कुठे थांबतो?

‘सुरू होत नाही’ या तक्रारीखाली निदान चार वेगळे प्रकार येतात. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, ना दिवा ना पंखा, हा पहिला. पंखे क्षणभर हलून थांबतात किंवा काही सेकंदांनी आपोआप बंद-चालू होत राहतात, हा दुसरा. पंखे नीट फिरतात पण डिस्प्ले येत नाही, हा तिसरा. आणि कंपनीचे चिन्ह किंवा काळ्या पडद्यावरची अक्षरे दिसतात पण ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होत नाही, हा चौथा. पहिल्या दोहोंचा संबंध प्रामुख्याने वीजपुरवठ्याशी असतो, तिसऱ्याचा मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि ग्राफिक्सशी, तर चौथ्याचा हार्ड डिस्क आणि बायोसमधील (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधील) नोंदींशी. त्यामुळे पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ (विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही) असा संदेश आलेला असताना एसएमपीएसवर संशय घेणे, किंवा पंखाच फिरत नसताना विंडोज पुन्हा टाकण्याची तयारी करणे, हे दोन्ही प्रयत्न वाया जाणारे असतात.

तिसऱ्या प्रकारात एक छोटी चाचणी फार उपयोगी पडते. संगणक चालू करून मिनिटभर थांबावे आणि कीबोर्डवरील नम लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र आतून जागे झालेले आहे आणि दोष मॉनिटर, त्याची केबल, चुकीचा निवडलेला इनपुट किंवा ग्राफिक्स कार्ड यांपैकी कशात तरी आहे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावली जाणे हे कारण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण साफसफाईनंतर डिस्प्ले येत नाही अशी तक्रार असेल तर ते सर्वांत आधी तपासावे.

कोणत्या परिस्थितीत थांबतो?

वारंवार येणाऱ्या दोषाच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. एखादा कागद संगणकाशेजारी ठेवावा आणि प्रत्येक वेळी संगणक अडला की चार गोष्टी टिपाव्यात: आदल्या वेळेपासून मुख्य पुरवठा बंद होता की चालू, यंत्र थंड होते की नुकतेच बंद केलेले, पंखे व दिवे यांनी काय केले, आणि अखेर सुरू झाल्यावर घड्याळात कोणती वेळ दिसली. आठवडाभराच्या नोंदीतून बहुधा ठरावीक सवय दिसू लागते, आणि ती सवय दोषाचा पत्ता सांगते.

सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी सवय अशी: रात्री भिंतीवरचे बटण बंद केले की सकाळी संगणक अडतो, पण ते बटण रात्रभर चालू ठेवले तर सकाळी लगेच सुरू होतो. यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपत आलेला असतो, हे एक. मुख्य पुरवठा असेपर्यंत बायोसच्या नोंदी आणि घड्याळ एसएमपीएसच्या विजेवर टिकतात. तो बंद झाला की सारा भार या सेलवर येतो आणि सेल मृत असेल तर नोंदी पुसल्या जातात. दुसरे कारण एसएमपीएसच्या आत असते. संगणक बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टचा एक लहानसा राखीव पुरवठा अखंड देत असतो आणि त्याच्याच जोरावर पॉवर बटणाचा इशारा ओळखला जातो. या राखीव मंडलातील छोटे कपॅसिटर वर्षानुवर्षे गरम राहून सुकतात. पुरवठा चालू असेपर्यंत ते कसेबसे काम करतात, मात्र एकदा पूर्ण थंड झाले की मंडल पुन्हा जागे व्हायला वेळ घेते किंवा जागे होतच नाही. म्हणूनच असा संगणक भिंतीवरचे बटण चालू करून काही वेळ तसाच ठेवल्यावर सुरू होतो आणि वापरणाऱ्याला वाटते की आपण वारंवार बटण दाबल्यामुळे तो सुरू झाला.

या दोहोंमधला फरक घड्याळ दाखवते. सुरू झाल्यावर तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असेल, ‘एफ१ दाबा’ असा संदेश येत असेल किंवा सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राच्या त्रुटीमुळे उघडत नसतील, तर सेल बदलावा. नव्या सेलवर मल्टिमीटर (विजेचा दाब मोजण्याचे साधन) ३ व्होल्टपेक्षा किंचित जास्त दाखवतो, २.८ व्होल्टच्या खाली आलेला सेल ठेवण्यात अर्थ नाही. घड्याळ अचूक असूनही संगणक अडत असेल, तर सेलला दोष देऊ नये आणि एसएमपीएसकडे वळावे. जुन्या यंत्रात दोन्ही एकाच वेळी निकामी झालेले असणेही अशक्य नाही, म्हणून सेल बदलल्यानंतरही नोंदी चालू ठेवाव्यात. सेल हा स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग असल्यामुळे त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त दोष ढकलले जातात, असे माझे मत आहे.

दुसरी सवय थंडीची. यंत्र थंड असताना दोन-तीनदा सुरू होऊन बंद पडते आणि थोडे गरम झाल्यावर नीट चालते. अशा वेळी मदरबोर्डवर, विशेषतः प्रोसेसरच्या सॉकेटभोवती उभे असलेले गोल कपॅसिटर निरखून पाहावेत. त्यांचा माथा सपाट असायला हवा. तो फुगलेला असेल, त्यावरील खाचा उमललेल्या असतील किंवा तळाशी तपकिरी द्रव सुकलेला दिसत असेल, तर दोष सापडला. साधारण २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट असलेले कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि त्या काळातील असंख्य मदरबोर्ड व एसएमपीएस अकाली निकामी झाले. अशा कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. त्यामुळे सुरुवातीच्या क्षणी प्रोसेसरला स्थिर दाब मिळत नाही. फुगवटा दिसला नाही म्हणून कपॅसिटर चांगलाच आहे असे मात्र नव्हे, कारण काही वेळा तो बाहेरून धडधाकट दिसूनही आतून सुकलेला असतो. कपॅसिटर बदलणे हे डाग देण्याचा (सोल्डरिंगचा) सराव असलेल्याचे काम आहे. मदरबोर्डच्या आतील तांब्याचे थर उष्णता ओढून घेत असल्याने सराव नसलेल्या हाताने छिद्रे खराब होतात आणि वाचू शकणारा बोर्ड हातचा जातो.

याच्या उलट, थंड असताना लगेच सुरू होणारा, काही मिनिटांनी अचानक बंद पडणारा आणि निवल्याशिवाय पुन्हा सुरू न होणारा संगणक बहुधा प्रोसेसरच्या तापमानामुळे स्वतःला वाचवत असतो. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या, त्यावर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला आहे का, पंखा अडखळतो का आणि हीटसिंक हलवून पाहिल्यास सैल आहे का, हे पाहावे. प्लॅस्टिकच्या चार खुंट्या दाबून बसवण्याच्या इंटेलच्या रचनेत एखादी खुंटी वर्षांनंतर सुटते आणि हीटसिंक एका कोपऱ्याने उचलला जातो. वरून पाहताना हे सहसा लक्षात येत नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर जुनी पूर्ण पुसून नवी लावावी. जुन्या एएमडी प्रोसेसरच्या बाबतीत हीटसिंक सरळ वर खेचू नये. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात, म्हणून शक्य असल्यास संगणक आधी थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा.

जागा बदलल्यानंतर, टेबलाला धक्का लागल्यानंतर किंवा साफसफाईनंतर येणारा दोष जोडणीतला असतो. त्याबद्दल पुढे येईलच. विशिष्ट पेन ड्राइव्ह, प्रिंटर किंवा कार्ड रीडर जोडलेला असतानाच संगणक अडत असेल, तर ती वस्तू आणि तिचा पोर्ट दोन्ही तपासावेत. समोरच्या यूएसबी पोर्टमधील वाकलेली धातूची जीभ शॉर्ट होऊन संपूर्ण संगणक सुरू होऊ देत नाही, अशी उदाहरणे नेहमीची आहेत.

बटण दाबल्यावर काहीच होत नाही तेव्हा

आधी भिंतीवरचे सॉकेट, मुख्य वायर, एक्स्टेंशन बोर्ड आणि एसएमपीएसच्या मागील लहान बटण पाहून घ्यावे. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याचा लाल खटका असतो. तो आपल्या पुरवठ्याशी जुळतो ना हे पाहावे आणि संगणक चालू असताना त्याला हात लावू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ११५ वर सरकवला, तर एसएमपीएस तत्काळ जळतो.

यानंतर मल्टिमीटर लागतो. पुढील सारे मोजमाप संगणक मुख्य पुरवठ्याला जोडलेला असताना, मदरबोर्डच्या मोठ्या २० किंवा २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने टोक घालून करायचे असते. काळे टोक कोणत्याही काळ्या वायरवर किंवा कॅबिनेटच्या उघड्या धातूवर ठेवावे. जांभळ्या वायरवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट मिळायला हवेत, आणि ४.७५ ते ५.२५ ही मान्य मर्यादा आहे. ते मिळत नसतील किंवा आकडा खालीवर होत असेल, तर एसएमपीएस निकामी आहे किंवा मदरबोर्ड त्याला शॉर्ट करतो आहे; कनेक्टर काढून पुन्हा मोजले की या दोहोंपैकी काय हे कळते. जांभळी वायर ठीक असेल तर हिरव्या वायरकडे वळावे. बटण दाबण्यापूर्वी तिच्यावर काही व्होल्टचा दाब असतो आणि बटण दाबताच मदरबोर्ड तो जवळजवळ शून्यावर आणतो. एसएमपीएसला ‘चालू हो’ असा इशारा मिळतो तो इथूनच. बटण दाबूनही हिरव्या वायरवरचा दाब उतरत नसेल, तर इशारा पोहोचतच नाही आणि दोष बटणात किंवा मदरबोर्डमध्ये आहे. दाब उतरतो पण पंखा हलत नाही, असे असेल तर दोष एसएमपीएसचा आहे, किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट असल्यामुळे तो स्वतःला रोखून धरतो आहे.

बटणाचा संशय दूर करणे सोपे आहे. कॅबिनेटच्या पुढील भागातून आलेली पॉवर स्विचची दोन तारांची पिन मदरबोर्डवरून काढावी आणि त्याच जागी रीसेट बटणाची पिन लावून रीसेट दाबून पाहावे. संगणक सुरू झाला तर जुने बटण झिजलेले आहे, आणि रीसेटलाच कायमचे पॉवर बटण करून टाकायला काही हरकत नाही. उलट दोषही आढळतो: रीसेट बटण आत अडकून राहिले तर पंखे फिरतात, पण संगणक सतत रीसेटच्याच अवस्थेत राहतो आणि डिस्प्ले कधीच येत नाही.

क्लिप वापरून हिरवी आणि काळी वायर जोडायची आणि एसएमपीएसचा पंखा फिरला की तो चांगला आहे असे म्हणायचे, ही चाचणी सर्वत्र सांगितली जाते. तिच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पंखा फिरणे एवढ्यावरून दाब योग्य आहे की नाही आणि भाराखाली तो टिकतो की नाही, हे कळत नाही. शिवाय काही जुने एसएमपीएस भाराविना सुरूच होत नाहीत. संगणक चालू स्थितीत असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी वायरवर सुमारे ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळतात का, हे मोजणे अधिक भरवशाचे आहे. मात्र सर्व वायर काळ्या असलेल्या एसएमपीएसमध्ये रंगांचा उपयोग नाही. तिथे पिनांची जागा पाहूनच मोजावे लागते.

पंखे क्षणभर हलून थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी असते. हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, सर्व कार्डे, समोरच्या यूएसबीची केबल असे एकेक भाग सोडवत जावे आणि प्रत्येक वेळी मुख्य वायर काही सेकंद काढून मगच पुन्हा प्रयत्न करावा, कारण एकदा संरक्षण लागू झाले की बहुतेक एसएमपीएस वीज पूर्ण तोडल्याशिवाय पूर्वस्थितीत येत नाहीत. मदरबोर्डखाली घरंगळलेला एखादा स्क्रूही याच लक्षणाला कारणीभूत ठरतो.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

इथे पहिली नजर प्रोसेसरजवळच्या चार पिनांच्या १२ व्होल्ट कनेक्टरवर टाकावी. पेंटियम ४ च्या काळापासून प्रोसेसरला वीज या वेगळ्या कनेक्टरमधून मिळते. तो सैल असेल तर पंखे व दिवे चालतात, पण प्रोसेसर काम सुरू करत नाही.

त्यानंतर रॅम. सर्व रॅम काढून संगणक चालू करावा. मदरबोर्डला स्पीकर जोडलेला असेल आणि बोर्ड, प्रोसेसर व बायोस ठीक असतील, तर तो बीप करून रॅम नसल्याची तक्रार करतो. तशी तक्रार ऐकू आली तर अर्धे काम झाले. एकही आवाज आला नाही, तर रॅम घासत बसण्यात अर्थ नाही. बीप आल्यास एकच रॅम एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात, मग दुसरी रॅम, असे आलटून-पालटून पाहावे. सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत रूढ आहे आणि ती अनेकदा उपयोगी पडते, पण जोरात घासल्यास पातळ मुलामा निघतो आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले, धागे न सुटणारे कापड अधिक सुरक्षित आहे, आणि स्लॉटमधली धूळ काढणेही तितकेच आवश्यक आहे. बीपचे अर्थ बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतात, म्हणून ते आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेतच पाहावेत.

रॅमचा दोष नसेल तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड काढून मदरबोर्डवरील डिस्प्ले वापरून पाहावा आणि शेवटी बायोसच्या नोंदी पुसाव्यात, म्हणजे मुख्य वायर काढून, पुस्तिकेत दाखवलेल्या जागचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काही सेकंद बदलून परत मूळ जागी आणावा. हे करताना एका परिणामाची पूर्वकल्पना असावी. नोंदी मूळ स्थितीत गेल्यावर साटा केबलने जोडलेल्या डिस्कशी संवाद साधण्याची पद्धत आयडीई या जुन्या प्रकारावरून एएचसीआय या नव्या प्रकारावर किंवा उलट बदलू शकते, आणि मग विंडोज एक्सपी किंवा ७ सुरू होताना निळ्या पडद्यावर ७बी या क्रमांकाची त्रुटी येते. विंडोज बिघडलेले नसते; बायोसमध्ये ती पद्धत पूर्ववत केली की काम होते. सेल संपल्यावरही नेमके हेच घडते, त्यामुळे संगणक चालू असतानाच बायोसच्या पडद्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

अक्षरे दिसतात, पण पुढे जात नाही

बूटचा क्रम (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे ती बायोसमधील नोंद), विसरलेला पेन ड्राइव्ह आणि साटाची सैल केबल या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. बायोसमध्ये डिस्कचे नाव कधी दिसते आणि कधी दिसत नाही, असे असेल तर केबल आणि मदरबोर्डवरील पोर्ट बदलून पाहावा. डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. प्रत्येक प्रयत्नागणिक माहिती परत मिळण्याची शक्यता घटते. आवाज न करणारी पण रेंगाळणारी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यावरील कामाच्या फायली आधी उतरवून घ्याव्यात आणि दुरुस्तीचे प्रयोग त्यानंतर करावेत.

एसएमपीएस बदलायचा ठरल्यास कनेक्टर जुळतो एवढे पाहून थांबू नये. काही कंपन्यांच्या जुन्या तयार डेस्कटॉपमध्ये कनेक्टर दिसायला प्रमाणित असला तरी आतील वायरींचा क्रम वेगळा असतो, आणि तिथे साधा एसएमपीएस लावल्यास मदरबोर्ड जळू शकतो. जुन्या-नव्या वायरींचे रंग आणि जागा शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. कोणताही भाग बदलला तरी त्याची परीक्षा ज्या परिस्थितीत दोष येत होता त्याच परिस्थितीत घ्यावी. थंड सकाळी अडणारा संगणक दुपारी गरम असताना सुरू झाला, यावरून काहीही सिद्ध होत नाही. रात्री भिंतीवरचे बटण बंद करून तो तसाच ठेवावा, सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होतो का ते पाहावे, आणि असे सलग काही दिवस झाल्यावरच कॅबिनेटचे स्क्रू आवळावेत.